इतर सवयी

"तीन बोटं एकावर एक ठेवा आणि उभी तोंडात घाला."

रंगारी उजव्या हाताची तीन बोटं जुळवतो. दोन जातात, तिसरं दातांवर अडतं. तो पुन्हा जबडा ताणून बघतो. डोळ्यांच्या कडांना पाणी येतं, पण तोंड काही तेवढं उघडत नाही. डॉक्टरमॅडम बोलत नाहीत. टॉर्च लावतात, लाकडी पट्टीने गाल आतून बाजूला सारतात आणि मान तिरकी करून आत बघत राहतात. मागे रांगेतले आठदहा पुरुष गप्प झालेत. एकदोघांनी भिंतीकडे तोंड करून आपापली बोटं घालून बघायला सुरुवातही केली आहे.

फेब्रुवारीतला पहिला रविवार. कांदिवली पूर्वेला समता नगरच्या अंगाला एका एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीच्या तळमजल्यावर बालवाडीची खोली आहे, तिथे मुखतपासणीचं शिबिर लागलंय. ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन, त्या निमित्ताने इमारतीच्या मंडळाने हे ठेवलं. भिंतीवर बाराखडीचे तक्ते, कोपऱ्यात मुलांच्या रंगीत खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या. डॉक्टरमॅडम दातांच्या डॉक्टर आहेत. सोबत दोन शिकाऊ मुली, आणि टेबलाशी नावं लिहून घेणाऱ्या इमारतीतल्याच दोघी. दाराबाहेर चपलांचा ढीग वाढतोय. रिक्षावाले, टॉवरांवरचे वॉचमन, कारखान्यात कंत्राटावर जाणारे, प्लंबर, रंगारी. आपणहून आलेले थोडे. बायकांनी नाहीतर मुलींनी दंडाला धरून आणलेले जास्त.

"तंबाखू?" मॅडम विचारतात.

"आहे. चुना लावून."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"दारू?"

"कधीतरी."

दारात उभी असलेली त्याची बायको आत न येताच सांगते, "रोज घेतात, मॅडम. संध्याकाळी एक क्वार्टर. पगाराला दोन."

रंगारी तिच्याकडे बघत नाही. मी टेबलावर वाकून फॉर्म बघते. तंबाखूला अर्धं पान दिलंय. खैनी, मावा, गुटखा, मिश्री, विडी, सिगारेट, प्रत्येकापुढे चौकट. दिवसातून किती वेळा, किती वर्षं, कुठल्या गालात धरता. दारूचं नाव त्या पानावर कुठेच नाही. अगदी खाली एक ओळ आहे, 'इतर सवयी', आणि पुढे ठिपके. मॅडम त्या ठिपक्यांवर बारीक अक्षरात लिहितात: देशी, रोज १८० मिली, वीस-बावीस वर्षं. जागा पुरत नाही म्हणून उरलेलं समासात जातं.

रंगाऱ्याच्या डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. मॅडम मला टॉर्च धरायला देतात आणि दाखवतात. गालाच्या आतलं कातडं ओलसर गुलाबी असायला हवं. इथे दाढेच्या समोर रुपयाच्या नाण्याएवढी जागा खरखरीत पांढरी झालीय, कडेला एक लालसर रेघ. बोटाने दाबलं की त्याला दुखत नाही. दुखत नाही हीच यातली फसवणूक. दुखलं असतं तर तो वर्षापूर्वीच आला असता.

"हा कॅन्सर आहे का?" बायको आता आत आली आहे.

"आज तसं म्हणत नाही. तुकडा काढून तपासायला लागेल. या आठवड्यातच. पण हे दोन्ही आजपासून बंद. दोन्ही."

"तंबाखू सोडतो मी," रंगारी घाईने म्हणतो. "दारूचा काय संबंध? दारू लिव्हरला जाते."

रांगेतल्या माना हलतात. सगळ्यांना हेच ठाऊक आहे. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर, दारूने लिव्हर. एवढी वाटणी इथे प्रत्येकाच्या डोक्यात पक्की आहे आणि ती अर्धीच खरी आहे.

मॅडम टॉर्च खाली ठेवतात. "तुम्ही रंगकाम करता ना? ब्रश सुकून कडक झाला की कशात बुडवता?"

"थिनरमध्ये."

"का?"

"रंग सुटतो ना त्याने."

"तेच दारू तोंडात करते. गालाचं अस्तर सैल करते. मग तंबाखूतलं विष जे एरवी वरवर राहिलं असतं, ते आत उतरतं. आणि दारू एकटी आली तरी तिचं शरीरात जे होतं ते स्वतःच कॅन्सर करणारं असतं."

रंगारी आपल्या नखांकडे बघतो. कडांना ऑइलपेंट आहे. हे उदाहरण त्याला कळलंय. बायकोलाही कळलंय.

मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं त्यामागे बरीच वर्षं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं ते १९८८ मध्ये. त्याच गटात तंबाखू आहे, ॲस्बेस्टॉस आहे. मद्यातलं इथेनॉल शरीरात गेलं की त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते पेशींमधल्या डीएनएला इजा करतं आणि झालेली इजा दुरुस्त होऊ देत नाही. हे काम फक्त यकृतात चालत नाही. तोंडातले जंतूसुद्धा दारूचं ॲसिटाल्डिहाइड करतात, म्हणून ज्याचे दात किडलेले, हिरड्या खराब, त्याला धोका आणखी. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांचे स्तन, इतक्या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध पक्का झालेला आहे. २०२० या एका वर्षात जगात दारूमुळे झालेले कॅन्सरचे नवे रुग्ण सुमारे ७ लाख ४१ हजार होते, म्हणजे दर शंभरातले चार. भारतातले त्यात साठ हजारांहून अधिक.

आणि आपल्या अगदी जवळचं सांगायचं तर, खारघरच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी गालाच्या कॅन्सरचे अठराशे पुरुष रुग्ण आणि साधारण तेवढेच निरोगी पुरुष यांची तुलना केली, ती डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. पिणाऱ्यांना हा कॅन्सर होण्याचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा ६८ टक्क्यांनी जास्त निघाला. देशी आणि गावठी पिणाऱ्यांना त्याहून जास्त. दिवसाला एक पेग इतक्या थोड्या पिण्यानेही धोका वाढलेला दिसला. आणि भारतातल्या गालाच्या कॅन्सरपैकी ६२ टक्के प्रकरणांच्या मुळाशी दारू आणि चघळायचा तंबाखू यांची जोडगोळी आहे, असा त्यांचा हिशेब आहे. या बालवाडीत रांगेला उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक जणांची तीच जोडगोळी आहे. फॉर्मला मात्र त्या जोडीतला एकटा तंबाखूच माहीत आहे.

"मॅडम, एक विचारू?" रांगेच्या बाहेर उभी असलेली एक तरुणी पुढे येते. ठाकूर व्हिलेजच्या टॉवरमध्ये राहते. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला गाडीत घालून ती घेऊन आली आहे. "हे देशीचं झालं. वीकेंडला एखादा ग्लास वाइन घेतली तर? रेड वाइन हार्टला चांगली म्हणतात."

"बाटली बदलते, आतलं इथेनॉल तेच असतं," मॅडम म्हणतात. "एवढी घेतली तर चालते असा आकडा कुणी देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तसं स्पष्टच सांगितलंय. आणि तुला घशाआधी स्तनाच्या कॅन्सरची काळजी करायला हवी."

ती मुलगी काही बोलत नाही. मावशी तिच्याकडे बघतात, मग जमिनीकडे. या शहरात देशीच्या गुत्त्यावर उभा राहणारा दारुडा ठरतो आणि लोखंडवाला टाउनशिपच्या बाल्कनीत ग्लास घेऊन बसलेल्याला कुणी काही म्हणत नाही. पेशींना हा फरक कळत नाही. पण पैशाच्या बाबतीत फरक फार मोठा आहे. टॉवरमधल्या घराला आजाराआधी विमा असतो, पगारी रजा असते, दुसरं मत घ्यायला ओळखीचा डॉक्टर असतो.

रांग सरकते. एक म्हातारे काका खुर्चीवर बसतात. त्यांचं तोंड स्वच्छ आहे. तंबाखू नाही, विडी नाही, आता दारूही नाही. "पंधरा सालापासून सोडली," ते सांगतात. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, तेव्हा त्यातल्या अनेकांना इथेच कांदिवली पश्चिमेच्या शताब्दी रुग्णालयात आणलं होतं. काकांचे साडू त्यात होते. "दिसत नाही म्हणत होता हो. लाइट लावा, लाइट लावा म्हणत होता. लाइट चालूच होती." ते थांबतात. "त्या दिवशी मंत्री आले, कॅमेरे आले, पोलिसांना सस्पेंड केलं. इथे आमच्या विंगमध्ये चार जणांना घशाचा झाला मागच्या काही वर्षांत. कुणी येत नाही."

"ते विष होतं काका," रांगेतला एक रिक्षावाला म्हणतो. "मिथेनॉल. आम्ही सरकारी दुकानातलीच घेतो."

"सरकारी दुकानातली तुला एका रात्रीत नेणार नाही, एवढंच," काका म्हणतात.

मला वाटतं, दुपारपर्यंत त्या खोलीत जे काही बोललं गेलं त्यात याहून नेमकं कुणी बोललं नाही.

नावं लिहून घेणाऱ्या दोघींपैकी एक मला खुणेने बोलावते. चाळिशीची असेल. गळ्यात नुसते काळे मणी, सोन्याची वाटी नाही. "वर येता का? यांना भरवायची वेळ झाली. तुम्ही लिहिणार म्हणताय तर बघून जा."

चौथा मजला, लिफ्ट बंद आहे. सव्वादोनशे फुटांची खोली, ओट्यालगत खाट. खाटेवर तो उशीला टेकून बसलाय. वय पन्नासच्या आत, पण चेहऱ्यावरून सांगता येणार नाही, कारण चेहऱ्याचा उजवा खालचा भाग नाही. जबड्याचं हाड काढून छातीवरचं मांस फिरवून तिथे बसवलंय. गालाचं कातडं एका रंगाचं आणि त्या ठिगळाचं दुसऱ्या, छातीवरचे केस आता गालावर उगवतायत. पेशंट लोक या ऑपरेशनला 'कमांडो' म्हणतात. नाकातून एक नळी बाहेर आलीय, पट्टीने कपाळाला चिकटवलेली.

ती मिक्सरमध्ये मुगाच्या डाळीचं वरण, एक उकडलेलं अंडं, थोडं दूध फिरवते. मग पातळ सुती फडक्यातून गाळते. पुन्हा गाळते. "कण राहिला तर नळी तुंबते. एकदा तुंबली, तर रात्री अकराला रिक्षा करून पळालो." मनगटाच्या आतल्या बाजूवर एक थेंब टाकून किती गरम आहे ते बघते. बिनसुईची मोठी सिरिंज नळीला लावते, दट्ट्या काढून टाकते आणि सिरिंज आपल्या डोक्याच्या उंचीला धरते. पिवळसर पेज हळूहळू खाली उतरते. "ढकलायचं नाही. आपलं आपण जाऊ द्यायचं. ढकललं की उलटी होते." एक सिरिंज संपली की दुसरी. शेवटी साधं पाणी, नळी धुऊन निघायला. या सगळ्याला पाऊण तास लागतो, दिवसातून सहा वेळा. तो खिडकीतून मेट्रोच्या पुलाकडे बघत बसतो. जेवण पोटात जातंय पण तोंडाला चव नाही, घासाचा आवाज नाही. मध्येच तो काहीतरी बोलतो. मला कळत नाही. ती सांगते, "मीठ घातलंस का विचारतायत. चव लागत नाही, तरी रोज विचारतात."

तो टेम्पो चालवायचा. स्वतःचा होता, हप्त्यावर घेतलेला. सकाळी तंबाखू, रात्री गाडी लावली की देशीचा पाव. दाढ ठणकायला लागली तेव्हा घोट तसाच दाढेत धरून ठेवायचा, दारूने बधिर होतं म्हणून. तीन महिने असं केलं. मग दाढ काढली. जखम भरेना. आणखी दोन महिने मलम. तपासणीचा तुकडा काढला तोवर गाठ मानेत उतरली होती. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण असेच तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचतात. याचं काही वेगळं झालं नाही.

"ऑपरेशनला पैसे लागले नाहीत," ती आधीच सांगून टाकते. "खोटं कशाला बोलू. महात्मा फुले योजनेत झालं. टाटाच्या समाजसेवा विभागातल्या मॅडमनी कागद नीट करून दिले." राज्याच्या या आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून देशभरच्या गरिबांना आधार देत आलंय. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. घर बुडालं ते वेगळ्याच वाटांनी.

ती एक वही काढते. मुलाची जुनी शाळेची, मागच्या पानांवरून सुरुवात केलेली. त्यात रोजचं लिहिलंय. ऑपरेशननंतर लाइट घ्यायची होती, रेडिएशनला इथे सगळे लाइटच म्हणतात. तीस वेळा. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. बाहेरगावचे पेशंट परळ-दादरच्या धर्मशाळांत राहतात. हिचं घर मुंबईतच, म्हणून रोज जाऊन येऊन. कांदिवलीहून लोकल, दिव्यांगांचा डबा. त्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं, डब्यावर खेकड्याची खूण असते. प्रभादेवीला उतरायचं, पुलावरून पलीकडे, मग चालत नाहीतर टॅक्सी. पहिले दोन आठवडे चालत. नंतर त्याला चालवेना, म्हणून टॅक्सी. वहीत प्रत्येक टॅक्सी आहे. नारळपाणी आहे. प्रोटीन पावडरचा डबा आहे, त्यापुढे 'अर्धा' असं लिहिलेलं, कारण शेजारणीबरोबर वाटून घेतला. नळीचा नवा संच, पट्ट्या, जखम धुवायचं औषध.

वहीत जे नाही ते ती तोंडाने सांगते. ती टॉवरमध्ये पाच घरी पोळ्या-भाजी करायची. सहा आठवडे सकाळी सातला घर सोडून दुपारी परतायचं म्हटल्यावर तीन घरांनी दुसरी बाई लावली. "त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनाही डबे लागतात." टेम्पो विकला, पण त्याचा पैसा फायनान्सवाल्यांकडेच गेला. मंगळसूत्र गहाण आहे. मुलाला आयटीआयला घालायचं होतं. तो आता बाइकवरून पार्सलं पोचवतो, आणि बाइक पुन्हा हप्त्यावर. सासूबाई गावाहून मदतीला आल्या होत्या, त्या गेल्या, कारण खोलीत पाचवं माणूस आडवं व्हायला जागा नाही.

हे सगळं कुठल्या खात्यात मांडलं जातं, मला सापडत नाही. रुग्णालयाच्या खर्चात ते येत नाही. योजनेच्या दाव्यात येत नाही. बाईची बुडालेली मजुरी, मुलाचं राहिलेलं शिक्षण, विकलेलं वाहन यांना बिल नसतं, आणि बिल नसलेला खर्च सरकारदरबारी झालेलाच नसतो.

दुसऱ्या बाजूचा हिशेब मात्र चोख आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. देशीच्या १८० मिलीची किमान किंमत ८० रुपये झाली, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची २०५. सरकारच्याच अंदाजाने त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळायचे आहेत. भाव वाढले हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. महाग झाली की पिणं कमी होतं, असा जगभरचा अनुभव आहे. पण ज्याचं व्यसन पक्कं झालंय तो भाव वाढल्यावर बाटली कमी करत नाही, घरी द्यायचे पैसे कमी करतो. रोजचा एक पाव धरला तर वर्षाचे २९ हजार २०० रुपये होतात. त्या पैशांतून शुल्क तिजोरीत जातं, आणि वीस वर्षांनी त्याच घराला त्याच तिजोरीतून योजनेचे पैसे मिळतात. मधल्या मध्ये जबडा जातो. जादा चौदा हजार कोटींतला थोडा वाटा जरी वस्तीवस्तीत तोंड तपासण्यासाठी आणि दारू सोडवण्यासाठी बाजूला ठेवला, तरी अशा कितीतरी खाटा रिकाम्या राहतील.

खाली येते तेव्हा शिबिर आवरत आलंय. बायका गोल करून उभ्या आहेत. दुकान बंद करता येईल का, यावर बोलणं चाललंय. आपल्या राज्यात तशी सोय आहे: प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर मतदान घ्यावं लागतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि आडवीला पुरेशी मतं पडली तर दुकान बंद. गावागावांत बायकांनी हे करून दाखवलंय. मुंबईच्या प्रभागात हजारोंच्या सह्या गोळा करायच्या म्हणजे जिकिरीचं काम. "आधी यादी तर आणू," काळ्या मण्यांची ती म्हणते. सिरिंज धुऊन, हात पुसून ती पुन्हा टेबलाशी येऊन बसली आहे.

मॅडम फॉर्म मोजतात. पुढच्या तपासणीला पाठवायचे सहा जण. सहाच्या सहा फॉर्मवर 'इतर सवयी'पुढचे ठिपके भरलेले आहेत.

संध्याकाळी सात. हायवेच्या बाजूला सरकारमान्य देशी दारूचं दुकान. समोर हातगाडीवर उकडलेली अंडी, चणे, मिठाच्या शेंगा. नाक्यावरचे मजूर कामावरून थेट येतायत, खांद्याला थापी आणि ओळंबा असलेली पिशवी. एक जण गालातला तंबाखू बोटाने काढून टाकतो, प्लास्टिकच्या ग्लासातली एका दमात घेतो, ग्लास ठेवतो आणि लगेच तळहातावर नवा बार मळायला घेतो. दारूने सैल झालेल्या गालात दोन मिनिटांच्या आत ताजा तंबाखू. सकाळी मॅडमनी थिनरचं जे सांगितलं, ते इथे डोळ्यांसमोर घडतंय, आणि ज्याच्या तोंडात घडतंय त्याला ते कुणीही सांगितलेलं नाही.

त्याच्या हातातल्या तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र आहे, पुडीचा बहुतेक भाग व्यापणारं. ते असावं म्हणून या देशात डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले. फळीवरची रिकामी बाटली मी उचलून बघते. २०१९ च्या एप्रिलपासून मद्याच्या प्रत्येक बाटलीवर इशारा सक्तीचा आहे. त्याचा मजकूर एवढाच, की मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका. गाडी! इथे उभ्या असलेल्या वीस जणांत एकाकडेही गाडी नाही. कॅन्सरचा उल्लेख नाही. त्याहून मोठं म्हणजे, १९४९ च्या आपल्या दारूबंदी कायद्यात विदेशी मद्याचा परवाना द्यायचा तो आरोग्य राखण्यासाठी, अशी भाषा अजून आहे. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तिथले तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी बाटलीवर कॅन्सर हा शब्द छापा असं उघड सांगितलं. आयर्लंडने २०२३ मध्ये तसा नियमच केला, अंमलबजावणी लांबवली तरी नियम आहे. आपल्याकडे मागणीसुद्धा मोठ्या आवाजात झालेली नाही.

ती व्हायला हवी, आणि ती महाराष्ट्रातून व्हायला हवी, कारण या रोगावरचं देशातलं सगळ्यात मोठं ज्ञान परळ आणि खारघरला आहे आणि दारूचं सगळ्यात मोठं उत्पन्न मोजणाऱ्या राज्यांत आपण आहोत. 'दारूमुळे कॅन्सर होतो' हे तीन शब्द, मराठीत, चित्रासह, देशीच्या पावापासून महागड्या वाइनपर्यंत प्रत्येक बाटलीवर छापा. दवाखान्यातल्या आणि शिबिरातल्या प्रत्येक फॉर्मवर दारूला तंबाखूइतकीच जागा द्या. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात, तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना अडकणं, बसलेला आवाज असं काही असेल, तर ते दुखण्याची वाट बघू नका. जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात दाखवा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी दारूचं स्वतःहून सांगा.